तेविसावं चितळ

बावीस चितळं दोन दिवसांत ट्रकमध्ये चढली. तेविसावं चढलं नाही.

ती म्हातारी मादी होती, डाव्या कानाला पिवळा बिल्ला लावलेली. हिरवं कापड ताणून केलेल्या बोळातून कळप पिंजऱ्यांकडे हाकला जात होता, तेव्हा ती थबकली, मागे वळली आणि माणसाच्या डोक्याएवढ्या उंच कापडावरून उडी टाकून पसार झाली. तिच्यामागे कोणी धावू नये म्हणून डॉ. सुहासिनीने दोन्ही हात आडवे धरले. घाबरून फार पळालेलं हरीण त्या दिवशी जगतं आणि तिसऱ्या दिवशी मरतं. आधी स्नायू जातात, लघवी काळपट होते, मग मूत्रपिंडं जातात. परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकताना हे तिने वाचलं होतं. इथे येऊन दोनदा डोळ्यांनी पाहिलं होतं.

अबू धाबीतल्या रुवैसपासून तासाभराच्या अंतरावर, वाळूत कुंपण घालून ठेवलेली ती खाजगी जागा होती. मालकाचे दुबईत तीन टॉवर उभे राहत होते. २००८ च्या शेवटी मंदीत ते होते त्या मजल्यावर थांबले. पुढच्या मे महिन्यात ही जागाही त्याच्या हातून गेली. कळप अल ऐनजवळच्या एका प्राणिसंग्रहात द्यायचं ठरलं, एवढं तरी त्याने जाताना केलं. गुरुवारी दुपारी वीज तोडणार होते. वीज गेली की विहिरीवरचा पंप बंद, पंप बंद की हौद कोरडा. त्या उन्हात पाण्यावाचून चितळ दोन दिवस काढतं, फार तर तीन.

उरलेला एकच उपाय म्हणजे भुलीचं औषध लांबून मारणं. त्यासाठीच्या बंदुकीचा परवाना मालकाच्या नावावर होता, मालक देशाबाहेर होता आणि बंदूक पोलिसांनी जमा करून घेतली होती. सुहासिनीच्या आधीचा डॉक्टर दक्षिण आफ्रिकेचा. त्याने औषधांच्या कपाटात एक क्रॉसबो ठेवून दिला होता. बंदुकीसारख्या दस्त्यावर आडवं बसवलेलं धनुष्य, बाणाच्या टोकाला सुई आणि औषधाची नळी. सुहासिनीने भुशाच्या पोत्यावर तीन संध्याकाळी सराव केला. पंधरा मीटरवर दहांतले नऊ बाण मांडीएवढ्या गोलात बसले, पंचवीसवर पाच. तिने ठरवून टाकलं, पंधरा मीटर, नाहीतर नाही.

"बाण मारायला निघालीस?" मंगळवारी पहाटे अरुणने विचारलं. तिचा नवरा रिफायनरीत शिफ्ट इंजिनीअर होता, नुकताच रात्रपाळीवरून आला होता. "तुला स्वयंपाकघरातली पाल हाकलायला मी लागतो."

"हिला मारायचं नाहीये, झोपवायचंय."

"मग अंगाई म्हण."

"तू ऐकलीस ना माझी अंगाई? ती ऐकून हरीण मरायला तिसऱ्या दिवसापर्यंतही थांबणार नाही."

मंगळवारी ती साडेपाचला हौदाजवळच्या गवताच्या भाऱ्यांमागे जाऊन बसली. हे काम आठच्या आत व्हायला हवं होतं. उन्हं चढल्यावर भूल दिलेल्या जनावराचा ताप आवरत नाही. वली नेहमीप्रमाणे लसूणघासाची बादली घेऊन उभा राहिला. वली सिंधमधल्या थरपारकरचा, अकरा वर्षं इथे चारा घालणारा. त्याने जिभेने टक्-टक् केलं की अख्खा कळप येत असे, आणि ही मादी तर त्याच्या हातातून खात असे. त्या दिवशी ती आली, साठ पावलांवर उभी राहिली आणि परत गेली.

"डॉक्टर साहब, शिकार पे निकले हो तो दावत किसके घर है?" वलीने विचारलं.

"मैं अंडा भी नहीं खाती, वली."

"तभी तो. उसको भी पता है, इसलिए आराम से खड़ी थी."

बुधवारी वारा मादीच्या बाजूने येत होता. ती चाळीस पावलांवर आली, तीस, पंचवीस. सुहासिनीने दस्ता खांद्याला लावला. तेवढ्यात वारा फिरला. मादीने नाक वर केलं, पुढचा पाय जमिनीवर आपटला, एकदा तीक्ष्ण ओरडली आणि झुडपांत शिरली.

"हवा ने चुगली कर दी," वली म्हणाला.

"पण तुझ्याकडे येते. तुझा वास नाही येत तिला?"

"मेरे में घास की बू है. आपके हाथ से सुई की बू आती है."

सुहासिनीने तळवे नाकाशी नेले. स्पिरिट. औषध भरण्याआधी कोपरापर्यंत हात स्पिरिटने पुसायचे, नळी पुसायची, टेबल पुसायचं. सोळा वर्षांत तिने हे एकदाही चुकवलं नव्हतं. या कळपातल्या प्रत्येक जनावराला बिल्ला लावताना, लस टोचताना, रक्त काढताना तिच्या हाताला हाच वास होता. दोन पहाटा ती ऑपरेशन थिएटरसारखी स्वच्छ होऊन वाऱ्यावर बसली होती, आणि मादी बरोबर ओळखत होती की भाऱ्यांमागे डॉक्टरीणबाई आहेत. तिला स्वतःचंच हसू आलं. वलीही हसला, पण थोडं उशिरा.

औषध तिने त्या संध्याकाळीच भरून नळीला टोपण लावलं. गुरुवारी पहाटे हात नुसत्या पाण्याने धुतले, वर लसूणघास चोळला आणि वलीची बकऱ्यांच्या वासाची जुनी चादर अंगावर घेतली. सगळं तयार झालं, पण वली बादलीला हात लावेना.

"क्या हुआ?"

"वो मेरी आवाज़ पे आती है," तो खाली बघत म्हणाला. "मेरी आवाज़ पे सुई खाएगी. ग्यारह साल में मैंने उसको झूठा नहीं बुलाया."

सुहासिनीने फाटकाकडे पाहिलं. तिथे गनी ट्रक घेऊन उभा होता. पेशावरचा ड्रायव्हर, बाकीच्या फेऱ्याही त्यानेच केलेल्या. पिंजरा एकच, रिकामा.

"आज नहीं आई," ती शेवटी म्हणाली, "तो परसों इसी हौद पे आएगी. पानी नहीं होगा. और वो तेरी ही आवाज़ ढूँढेगी."

वलीने बादली उचलली.

तो टक्-टक् करत उभा राहिला. पूर्वेला उजेड पसरत होता. मादी झुडपांतून निघाली, थांबली, कान पुढे केले, पुन्हा चालू लागली. वारा भाऱ्यांकडून तिच्याकडेच वाहत होता. तिने नाक वर केलं. सुहासिनीने श्वास रोखला. मादीने नाक खाली केलं आणि पुढे आली. वीस मीटर. सतरा. पंधरा. वलीने बादली खाली ठेवली आणि ती घास खायला वळली, तेव्हा तिची मांडी समोर आली. सुहासिनीने कळ दाबली.

आवाज टाळी वाजवल्याएवढाच. बाण मांडीच्या मधोमध लागला. मादी उसळली, दहा-बारा उड्या मारून थांबली आणि मागे वळून बघू लागली. वली धावणार तोच सुहासिनीने त्याच्या सदऱ्याची बाही धरली.

"खड़े रहो. भागे तो भागेगी."

दोघं उभे राहिले. सुहासिनी घड्याळाकडे बघत होती. चार मिनिटांनी मादीची मान खाली आली. सहाव्या मिनिटाला ती मागच्या पायांत डगमगली. आठव्याला कुंपणाजवळ बसली आणि हळूच कलंडली. मग दोघं चालत गेले. सुहासिनीने तिच्या डोळ्यांवर फडकं बांधलं, तिला छातीवर बसतं केलं, मान सरळ धरायला वलीला दिली. थर्मामीटर लावला. एक्केचाळीस पूर्णांक चार.

"पानी. पेट पे, जाँघों में. सिर पे नहीं."

गनी ट्रक जवळ घेऊन आला आणि खाली उतरला. "यल्ला, चढ़ाओ. सोई है, अभी आसान है. चार घंटे का रास्ता है, धूप चढ़ेगी."

"अभी नहीं."

"मैडम, जितनी देर करोगे उतनी गर्मी."

"ये अंदर से जल रही है. अभी बंद किया तो अल ऐन में तुम लाश उतारोगे. चालीस से नीचे आने दो."

"और नहीं आया तो?"

"तो तुम्हारा खाली ट्रक जाएगा."

गनीने ट्रकच्या पायरीवर बसून सिगारेट काढली, जनावराकडे बघितलं आणि परत खिशात ठेवली. मग उठून दुसरी बादली भरून आणली. तिघं पाणी ओतत राहिले. एक्केचाळीस. दहा मिनिटांनी चाळीस पूर्णांक पाच. वली मादीची मान मांडीवर घेऊन बसला होता. तो तिच्याशी बोलत नव्हता. आवाज नको, असं सुहासिनीने सांगितलं होतं. साडेसहाला पारा एकोणचाळीस पूर्णांक नऊवर आला.

ताडपत्रीवर घालून तिघांनी तिला पिंजऱ्यात ठेवलं. सुहासिनीने डोळ्यांवरचं फडकं सोडलं, भूल उतरवण्याची सुई दिली आणि दार लावलं. दोन मिनिटं काहीच झालं नाही. मग आतून फळीवर खूर आपटला. पुन्हा एकदा. फटीतून चार पाय उभे दिसले.

"मुबारक," गनी म्हणाला.

"आत्ता नको," सुहासिनी मराठीतच म्हणून गेली. मग वलीकडे वळली. तो ट्रकबरोबर जाणार होता, नव्या जागी चारा घालायला त्यांनी त्याला घेतलं होतं. "तीन दिन देखना. खाए न खाए, वो छोड़ दो. पेशाब देखना. पीला है तो ठीक. चाय जैसा हुआ तो मुझे उसी वक़्त फोन करना."

"दूधवाली चाय या काली?"

"काली."

वलीने मान हलवली आणि पुढे गनीशेजारी जाऊन बसला.

शुक्रवारी फोन आला नाही. शनिवारी तिने दोनदा लावला, दोन्ही वेळा बंद होता. रविवारी सकाळी अरुण कामावर जाण्याआधी पोहे खात होता, तेव्हा वाजला.

"बोल वली. हां. कल रात? और आज सुबह? दोनों बार? उजेडात पाहिलंस ना... मतलब, धूप में देखा ना? रंग बता, ठीक से बता."

अरुणने हातातला कोऱ्या चहाचा कप खाली ठेवला.

"पीला," ती फोनवर हात ठेवून त्याला म्हणाली. "स्वच्छ पिवळा. तुझ्या कपातल्यासारखा अजिबात नाही."

"छान," अरुण म्हणाला. "मी चहा ऑफिसातच घेतो."

ती बाल्कनीत गेली. वली अजून बोलत होता. मादी हौदावर येते, रात्री येते, बाकीच्यांबरोबर उभी राहते. त्याच्या आवाजाला मात्र अजून येत नाही.

"आएगी," सुहासिनी म्हणाली.

"न आए तो भी चलेगा, डॉक्टर साहब," वली म्हणाला. "पानी पी रही है."