चन्नप्पाने सरळ केलेली गिटार

चन्नप्पा दुकानात शिरला तेव्हा त्याच्या एका हातात गिटार होती आणि दुसऱ्या हातात पोरीची वेणी. गिटार त्यानं काउंटरवर आपटली. वेणी सोडली नाही.

"मोडका माल माझ्या पोरीच्या गळ्यात मारलास व्हय गं सना?"

सिद्धेश्वरीच्या गालावर चार बोटं उमटली होती, लाल. ती रडत नव्हती. गिटारकडं बघत होती.

भवानी पेठेतलं हे वाद्यदुरुस्तीचं दुकान माझं. आठ दिवसांपूर्वी ही गिटार मीच दुरुस्त करून दिली होती. तारा इतक्या उंच होत्या की दाबताना पोरीची बोटं फाटायची. घोडीवरची पट्टी घासून तारा खाली घेतल्या, मान जुळवली. वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्यानं तारा पूस म्हणाले. पत्र्याखाली भिंतीला टांगू नको म्हणाले, मे महिन्यात डिंक सुटतो. पोरगी सगळं करत होती. कारण उद्या अकरा वाजता सात रस्त्याजवळच्या एका संगीत क्लासात तिची परीक्षा होती. पास झाली तर लहान मुलांना शिकवायची नोकरी. नापास झाली तर सोमवारपासून टॉवेलच्या कारखान्यात काठ शिवायला बसायचं. चन्नप्पानं मालकाला शब्द देऊन ठेवला होता. परीक्षेला स्वतःची गिटार आणायची, ही क्लासची अट.

मी गिटार उचलली. मान पुढं झुकलेली, तारा बोटभर वर. मानेच्या आतली लोखंडी सळई तुटली होती.

"कुणी हात लावला ह्याला?"

"मी," चन्नप्पा म्हणाला. "वाकडी हुती. डोळा लावून बगितलं की. वीस वर्सं जॉबर हाय मी, माग माझ्या हातानं चालत्यात. बीम वाकडा असला तर कापड फाटतंय. म्हनून सरळ केली."

"कशानं?"

"सळईच्या बोल्टाला एलन की लावली. फिरंना. मग तिला दोन फुटाचा पाइप घातला."

माझं डोकंच फिरलं. दोन फुटाचा पाइप! मागाचा गंजका बोल्ट सोडवतात तसा जोर, बोटाएवढ्या मानेवर.

"चन्नप्पा, मान थोडी वाकडी असावीच लागते. केसाएवढी. तार हलायला जागा नको का? एकदम सरळ केली तर तार मानेवरच्या पडद्यांवर खरखरते. आणि सळई पाव फेरा फिरवायची, तीही तारा सैल करून. तुम्ही तर वर खुंट्याही पिळल्यात!"

"तारा ढिल्ल्या लागत हुत्या."

"मी सांगितलं अप्पाला," सिद्धेश्वरी म्हणाली. "नका फिरवू म्हनलं. तर मलाच मारलं. तुटल्यावर परत मारलं."

"सुम्म कूंडर!" तो कानडीत खेकसला, गप बस म्हणून, आणि वेणीला असा हिसका दिला की ती गुडघ्यावर आली. "मोडक्या मालाला मी जबाबदार? उद्या कुटं जायचं न्हाय तू. सोमवारी कारखान्यात."

"सोडा तिला."

"माझी पोरगी हाय."

"दुकान माझं आहे. सोडा."

त्यानं कमरेचा पाना काढला. माझ्यावर नाही, मी परत काउंटरवर ठेवलेल्या गिटारवर उगारला. सिद्धेश्वरी उठून मध्ये आली आणि पाना तिच्या खांद्यावर बसला. पोत्यावर काठी बसते तसा आवाज झाला. मग मात्र मी थांबले नाही. तबल्याची हातोडी समोरच होती. त्याच्या मनगटावर घातली. एकदा. पाना खाली पडला, चन्नप्पा ओरडला, वेणी सुटली.

"मारलंस मला? बाईमानसानं?"

"परत मारीन."

त्यानं डाव्या हातानं काउंटरवरची तार कापायची पक्कड उचलली आणि गिटार छातीशी ओढली.

"बगू आता कशी वाजिवतीस!"

"आधी ढिली करा!" मी ओरडले. खरंच ओरडले, त्याचं तोंड तारांवर होतं. "ताणलेली तार कापू नका, तोंडावर येईल!"

"मला शिकिवतीस?"

त्यानं सगळ्यात बारीक तार कापली. त्यानंच पिळून ठेवलेली. टण्ण झालं आणि त्याच्या डोळ्याखालचा गाल उघडला, ब्लेडनं कापल्यासारखा. रक्त गिटारवर, काउंटरवर, त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर. तो खाली बसला, दोन्ही हातांनी तोंड धरून.

फडकं मी दिलं. सिद्धेश्वरीनं दिलं नाही.

"डोळा वाचलाय," मी म्हणाले. "टाके पडतील. दवाखान्यात जा."

तो हलला नाही. मग पोरीनं त्याच्या समोर गिटार उचलली. रक्त पुसलं, कोरड्या फडक्यानं, तारांच्या खालूनसुद्धा. उरलेल्या पाच तारा एकेक करून सैल केल्या आणि काढल्या.

"सनाआपा, सळईशिवाय चालंल का?"

"एक दिवस चालेल. सगळ्यात बारीक जातीच्या तारा घाल. सूर दोन पडदे खाली लाव, म्हणजे ताण कमी येईल. दुसऱ्या पडद्यावर कॅपोचा चिमटा लाव, सूर जागेवर येईल. घोडीची पट्टी मी अजून घासते. पुढं मागं मान जाईलच. उद्या जाणार नाही."

तिला खांद्याच्या वर हात नेता येत नव्हता. खुंट्या तिनं दात खाऊन फिरवल्या. मी फिरवते म्हणाले तर नको म्हणाली. चन्नप्पा फडक्याआडून बघत होता. सूर जुळल्यावर एकदा म्हणाला, "सिद्धे, घरला चल."

"न्हाय येत."

"तुझी आई काय म्हनंल?"

"तिला बी मारताच की तुमी. ती काय म्हनत्या?"

तो उठला. पाना उचलायला वाकला, तर मी त्यावर पाय ठेवला. तसाच गेला.

रात्री पोरगी माझ्या घरी झोपली, डाव्या कुशीवर, कारण उजवा खांदा काळानिळा झाला होता. सकाळी म्हणाली गालावर मेकअप लाव. मी लावला नाही. कशाला झाकायचं? ज्यानं केलं त्यानं लाजावं.

क्लासातल्या सरांनी विचारलं म्हणे, "गालाला काय झालं?"

"बापानं मारलं. वाजवू?"

वाजवलं. वीस मिनिटं. तिसऱ्या तारेवर एकदा खरखर झाली, तिनं बोट पडद्याजवळ सरकवलं आणि थांबली नाही. सोमवारपासून ती तिथं शिकवते आहे. टॉवेलचे काठ दुसरं कुणी शिवत असेल.

चन्नप्पाला सात टाके पडले. परवा तो दुकानासमोर उभा होता, रस्त्याच्या पलीकडं, अर्धा तास. आत आला नाही. मी बोलावलं नाही.