कधीच न डागलेली तोफ

मी तोफ बोलतेय. एग्याबो गावच्या किनाऱ्यावरची, वाळूत निम्मी रुतलेली, गंजकी. जवळ या, पण हात लावू नका. मला हात लावणाऱ्याच्या पोटात काहीतरी असतं, हे मी इतक्या वर्षांत शिकले आहे. कुणी मायेने पाठीवर हात फिरवला की मी आधी बघते, याचा फोटो कुणी काढतंय का.

माझी खरी गोष्ट मीच सांगते, कारण दुसरं कुणी ती सांगणार नाही. माझा जन्म दूर उत्तरेकडच्या थंड मुलखातल्या एका कारखान्यात झाला. ओततानाच पोटात पोकळी राहिली आणि पहिल्याच तपासणीत मला नापास केलं. दारू भरली असती तर चालवणाऱ्यांनाच घेऊन फुटले असते. मग मला एका जहाजाच्या तळाशी टाकलं, जहाज फार डोलू नये म्हणून. नुसतं वजन. या किनाऱ्याला लागल्यावर ते वजनही नको झालं. मला होडीत घालून वाळूत आणून टाकलं आणि माझ्या जागी माणसं भरली, साखळ्या घातलेली. त्यांना जहाजापर्यंत पोचवणाऱ्या होड्या याच गावच्या होत्या.

झालं. एवढाच माझा पराक्रम.

गावात मात्र भलतंच सांगतात. एग्याबोत दोन पथकं आहेत, एक लाल झेंड्याचं, एक निळ्या झेंड्याचं. पूर्वी ती लढायला होती, आता सणाला ढोल वाजवायला आणि एरवी एकमेकांचे पाय ओढायला. लाल पथक म्हणतं, आमच्या पूर्वजांनी गोऱ्यांच्या किल्ल्यावर चढाई केली आणि ही तोफ ओढून आणली. निळं पथक म्हणतं, चढाई आम्ही केली, हे लोक मागून आले आणि दोरीला हात लावून उभे राहिले. त्यामुळे एका सणाला मला लाल रंग लागतो, पुढच्या सणाला निळा. होड्यांबद्दल मात्र दोन्हीकडे अळीमिळी गुपचिळी.

या सगळ्यात मला निव्वळ लोखंड समजणारी एकच बाई होती, अराबा तेचिवा. मासळीला धुरी देऊन विकणारी. माझ्या मागे खडक आहे, त्याच्या आडोशाला तिच्या गोल मातीच्या भट्ट्या. तिथे वारा थेट येत नाही, त्यामुळे धूर कोंडून राहतो आणि मासळी चारी बाजूंनी सारखी शेकते. तिच्या आईच्याही भट्ट्या तिथेच होत्या. अराबा माझ्या अंगावर ओली फडकी वाळत घालायची आणि दुपारी मला टेकून मक्याच्या आंबवलेल्या पिठाचा गोळा मिरचीशी खायची. तिच्यावर माझा थोडाफार विश्वास होता. थोडाफारच.

मग बातमी आली की सरकार इथे मासळीचं बंदर बांधणार. धक्का होणार, बर्फाचा कारखाना होणार, आणि ज्याचा किनारा त्याला दरवर्षी भाडं मिळणार. किनारा कुणाचा? कागद कुणाकडेच नव्हता. जिल्ह्याच्या साहेबांनी शक्कल काढली की तोफ ज्यांनी जिंकली, किनारा त्यांचा. मी तेव्हाच म्हटलं, इथे कुठेतरी पाणी मुरतंय. निवडणूक तोंडावर होती ना! एका पक्षाने लाल पथकाला हाताशी धरलं, दुसऱ्याने निळ्याला. लालांचा प्रमुख एबो एगीर आणि निळ्यांचा क्वामेना बाइदू रोज पाहुणे घेऊन यायला लागले, माझ्या पाठीवर थापट्या मारायला लागले. दोघांचं फक्त एका गोष्टीवर एकमत होतं. अराबाच्या भट्ट्या हलवायच्या. धक्क्याचा रस्ता तिथूनच जाणार होता.

अराबा दोघांकडे जाऊन आली. एगीरने गोड बोलून वाटेला लावलं. बाइदू म्हणाला, "मावशी, इतिहासात तुझ्या भट्ट्या कुठे बसतात ते सांग, मग बघू."

परत आल्यावर तिने मला तोंडापासून शेपटापर्यंत न्याहाळलं. ती नजर मी ओळखते. म्हटलं, हिच्याही डोक्यात काहीतरी शिजतंय.

आमच्याकडे मंगळवारी कुणी होडी पाण्यात घालत नाही. तो समुद्राचा दिवस. त्या मंगळवारी सगळे कोळी किनाऱ्यावर जाळी शिवत बसले होते. अराबा माझ्याशेजारी धाडकन पडली आणि घुमू लागली. घोगऱ्या आवाजात म्हणाली, "मी तोफ, समुद्राची लेक. मला कुणी जिंकलं नाही. मी आपल्या पायांनी वर आले. माझ्यामागच्या भट्ट्या हलवाल, तर मासळी घेऊन परत जाईन."

मी बोलले म्हणे! आयुष्यात तोंडातून धुराची रेघही न काढलेली मी! आधी मला राग आला, मग हसू आलं. मग वाटलं, मला कुणी जिंकलं नाही एवढं तरी ही खरं बोलली.

कोळ्यांची बोबडी वळली. वर्षभर मासळी नव्हतीच. खोल पाण्यातली मोठी जहाजं ती खरवडून नेत होती, पण त्यांना जाब कोण विचारणार? त्या आठवड्यात ती जहाजं कुठे गेली होती कुणास ठाऊक, बुधवारी जाळी फाटेपर्यंत तारली मासळी मिळाली. साहेबांनी लगेच हात झटकले. निवडणुकीआधी समुद्राच्या लेकीशी वाकडं कोण घेणार? बंदर शेजारच्या गावाला गेलं आणि अराबाच्या भट्ट्या राहिल्या. तो हंगाम तिने गाणी म्हणत काढला.

मी मात्र एगीर आणि बाइदूकडे बघत होते. एवढं हातचं गेलं, आणि हे दोघे इतके गप्प कसे?

मग गावचा देवऋषी अन्साबा आला. त्याने मला चुना फासला, भोवती पांढरी दोरी बांधली. लांबलांबच्या गावांतून होडीवाले नवसाला अंडी, दारूच्या बाटल्या, मेंढ्या घेऊन येऊ लागले. दोरीच्या एका टोकाला लाल पथकाची दानपेटी, दुसऱ्या टोकाला निळ्याची. माझ्या डोळ्यांदेखत लाल आणि निळ्याने पहिल्यांदा हातात हात घेतले. त्यानंतर अन्साबाने जाहीर केलं की समुद्राच्या लेकीला आग आणि धूर चालत नाही.

भट्ट्या फोडायला आले तेव्हा अराबा आडवी उभी राहिली. सगळ्यांसमोर म्हणाली, "ते मी रचलं होतं. माझ्या अंगात काही आलं नव्हतं. भट्ट्या वाचाव्यात म्हणून बोलले."

अन्साबा मायेने हसला. "बाई, देवी तुझ्या तोंडून बोलली. तू काय बोललीस ते तुला कसं कळणार?"

लोकांनी माना डोलावल्या. एगीरने तिला हाताला धरून बाजूला केलं. बाइदूने पहिली पहार घातली.

आता ती गावाच्या वरच्या अंगाला, उघड्यावर मासळी शेकते. तिथे वारा चहूबाजूंनी. निम्मी मासळी करपते, निम्मी कच्ची राहते आणि गिऱ्हाईक नाक मुरडून पुढे जातं. मी दोरीच्या आत, पांढरीफटक. लोक वाकून कानाशी गाऱ्हाणी घालतात. शेजाऱ्याची होडी बुडव म्हणतात, मेव्हण्याला निवडणुकीत पाड म्हणतात. मला कुणाचाच भरवसा वाटत नाही. तुमचाही नाही, उगाच खोटं कशाला बोलू?

पण परवा जे झालं त्याने मला फार वाईट वाटलं. मंगळवारी सकाळी रांगेत अराबा उभी होती. वाटलं, ही आता माझ्यावर थुंकणार, आणि थुंकली असती तर बरंच वाटलं असतं. तिने कमरेच्या कापडाच्या गाठीतून एक अंडं काढलं. पायातल्या चपला काढून ठेवल्या. डोळे मिटून, वाकून, हळूच म्हणाली, "आई, माझी जागा मला परत दे."

सगळ्या गावात हिला एकटीला माहीत होतं, मी कोण आहे ते.

अराबा, अगं बाई, मी लोखंड आहे. फुटकं, गंजलेलं, नापास झालेलं लोखंड. तुझी जागा माझ्याकडे नाही, त्या दोघांकडे आहे. ते अंडं घरी ने आणि खा. चपला घाल आणि त्यांच्या दारात जाऊन भांड.