नसलेल्या बांधावरून

तालुका क्रीडा अधिकारी साहेब, शेणव्याच्या पोरींना जिल्ह्याच्या स्पर्धेतून तुम्ही बाहेर काढलंत, आणि त्यासाठी माझं वाक्य वापरलंत.

मी भगीरथ. किन्हवलीत शेतीचे पंप दुरुस्त करतो, शाळा आठवीपर्यंत. शेणव्याच्या मुलींचा फुटबॉल संघ उभा राहिला तेव्हापासून त्यांच्यामागे शहापूर-मुरबाड फिरणारा मी एकटाच बाप्या. शहापूरला तालुक्याच्या साखळी स्पर्धेत पहिले दोन्ही सामने त्या हरल्या, चार-शून्य आणि पाच-शून्य. मी चिडून तालुक्याच्या फुटबॉलच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं, "समोर मोकळं मैदान असताना या पोरी बॉल हवेत उचलतात. मोकळ्या मैदानावर खेळायची यांची लायकीच नाय." तालुकाभर फिरलं ते. लोकांनी हसरे चेहरे टाकले. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पुढच्या आठवड्यात पंप बघायला शेणव्यात गेलो. वाटेत कापणी झालेल्या खाचरांत त्या खेळताना दिसल्या. दोन खाचरं, मधे गुडघाभर बांध. निम्म्या जणी अलीकडे, निम्म्या पलीकडे. पास द्यायचा तर बॉल बांधावरून उचलूनच द्यावा लागत होता. दर वेळी. भाताच्या धसकटांनी पोटऱ्या ओरबाडलेल्या.

कप्तान सोनालीने मला बघून बॉल पायाखाली धरला. "काय दादा, आज काय लिवताय?"

"तुमचं मैदान हाय ना गो? शाळेमागं पाटी बघितली मी."

"पाटी हाय. पाटीखाली खडीचा ढीग हाय, दोन वर्सं झाली. पाटीवर खेळू का?"

मागून गोलकीपर काजल म्हणाली, "दादांना उभं कर बांधावर. पंच नाय आपल्याला."

सगळ्या हसल्या.

"शहापूरच्या मैदानात बांध नव्हता," मी म्हणालो.

"आमाला म्हाईत हाय," सोनाली म्हणाली. "पायांना नाय म्हाईत."

त्याच दुपारी मी ग्रुपवर माफी लिहिली. ती कुणी पुढे पाठवली नाही. मग मुरबाडच्या एका ओळखीच्या मास्तरांना गळ घालून त्यांच्या शाळेचं मैदान चार सकाळी मिळवलं. चारच. सोनालीने मधोमध चुन्याची रेघ मारली. रेघेवरून जी विनाकारण बॉल उचलेल तिने मैदानाला फेरी मारायची. पहिल्या सकाळी सगळ्यांनी फेऱ्या मारल्या, तिनेही. चौथ्या सकाळी फक्त काजलने, आणि ती तर गोलकीपर.

पुढचे दोन्ही सामने त्या जिंकल्या. शेवटच्या गोलला बॉल सात पायांतून गेला, एकदाही जमीन सोडली नाही. तुम्ही पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होतात, मी बघितलं.

तालुक्यातले पहिले दोन संघ जिल्ह्याला जातात. शेणवा दुसरा आला. आणि तुमच्या सहीचं पत्र आलं: "सदर संघ मोकळ्या मैदानावर खेळण्यास पात्र नाही, असे स्थानिक जाणकारांचे मत आहे." तिसऱ्या संघाला पाठवलंत.

स्थानिक जाणकार म्हणजे मी. एरवी माझ्या मताला तुमच्या दारात कुत्रं विचारत नाही.

पत्र घेऊन सोनाली माझ्या दुकानात आली. पंपाशेजारी ठेवलं. "वाचा. तुमचंच हाय," एवढंच म्हणाली आणि गेली. दादा म्हणाली नाही.

मी चुकलो. न बघता लिहिलं, हे नावानिशी कबूल करतो, चावडीवर सांगायलाही तयार आहे. पण त्या ग्रुपमध्ये तुम्हीही आहात, साहेब. माझी शिवी तुम्हाला पोचली, मग पुढच्याच आठवड्यात लिहिलेली माफी कशी नाही पोचली? तुमच्या खात्याच्या पाटीखाली खडी कुणाच्या परवानगीने पडली? मैदान तुम्ही अडवायचं, आणि मैदानावर खेळता येत नाही म्हणून घरी पण तुम्हीच बसवायचं, हा कुठला नियम?

स्पर्धा वीस तारखेला आहे. त्याआधी उत्तर द्या. मला पत्र पाठवू नका. शेणव्यात या, त्या बांधावर उभे राहा आणि सोनालीच्या तोंडावर सांगा, तिला का काढलंत?