खालच्या जबड्याचं माप

राजीनामा लिहून सतरा दिवस झाले होते. तो माझ्या टेबलाच्या खणात, दातांच्या रंगांचे नमुने ठेवतो त्या डबीखाली पडून होता.

आमच्याकडे दात तयार होतात. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन पाठवतात, आम्ही त्यावरून कवळी बनवतो. एकोणीस वर्षं मी हे करते आहे. शहरातली बरीच माणसं मी केलेल्या दातांनी हसतात आणि रस्त्यात मला ओळखत नाहीत. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार कशाबद्दलच नव्हती, हीच अडचण होती.

नव्या नोकरीची जागा मोठी होती. तिथे दात संगणकाच्या पडद्यावर काढतात आणि यंत्र ते कोरून देतं. मला ते शिकायचं होतं. का, ते विचारू नका. मालकांनीही विचारू नये, एवढीच माझी इच्छा होती. ते विचारतील, सगळं शांतपणे ऐकून घेतील, मग म्हणतील, "ठीक आहे, पण राहिलीस तर बरं होईल." आणि मी राहीन. एवढी मी स्वतःला ओळखते. नव्या लोकांनी शनिवारपर्यंत मुदत दिली होती. त्यानंतर ते दुसऱ्या कुणाला घेणार होते.

दोनदा मी मालकांच्या खोलीच्या दारापर्यंत गेले होते. पहिल्यांदा मालक म्हणाले, "बरं झालं आलीस. तुझ्या पाठीसाठी खुर्ची मागवली आहे, बसून बघ." मी बसून बघितलं. खुर्ची चांगली होती. दुसऱ्यांदा त्यांनी माझ्या लेकीच्या परीक्षेचं विचारलं आणि मी मागायच्या आत आठवड्याची सुट्टी देऊन टाकली. मी आभार मानून परत आले.

"शिव्या देणारा मालक असता तर कधीच सुटली असतीस," नवरा म्हणाला. "तुझं नशीबच फुटकं."

"चेष्टा करू नकोस."

"चेष्टा कसली? सांग सांग म्हणून माझ्या दातांच्या कण्या झाल्या. आता त्याही तूच बसवून दे."

शुक्रवारी सकाळी मालकांची खालची कवळी तडकली. नवीन करायची तर आधी माप हवं. ते खरं म्हणजे डॉक्टरांनी घ्यायचं असतं. पण मालकांनी चाळीस वर्षं डॉक्टरांनी पाठवलेली मापं पाहिली आहेत, त्यामुळे ते कुठल्याही डॉक्टरसमोर तोंड उघडत नाहीत.

"तूच घे," ते म्हणाले.

रीत सोपी आहे. गुलाबी पूड पाण्यात कालवायची, मलमासारखी झाली की साच्यात भरायची आणि साचा जबड्यावर दाबून धरायचा. दोन-तीन मिनिटांत ती रबरासारखी घट्ट होते. तोवर माणसाने हलायचं नाही, बोलायचं तर नाहीच. पाणी गार असलं की जास्त वेळ लागतो.

मी पाणी फ्रीजमधलं घेतलं. काही ठरवलं होतं असं नाही. हातांनीच घेतलं.

साचा बसवला, दोन्ही बाजूंनी बोटांनी दाबून धरला. मालक छताकडे बघत होते. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. वेळ मोजावाच लागतो.

"काका, मी नोकरी सोडते आहे," मी म्हणाले. "पुढच्या महिन्याच्या शेवटी. पत्र खणात आहे, आज देते. इथे काही त्रास नाही. कुणाचंच काही नाही. खुर्चीही चांगली आहे."

मला वाटलं होतं, सांगितल्यावर काहीतरी होईल. रडू येईल, हात थरथरतील, गेला बाजार हलकं तरी वाटेल. भूल दिलेल्या गालाला कुणी चिमटा काढावा तसं झालं. चिमटा काढलाय हे कळलं, इतकंच.

त्यांच्या घशातून आवाज आला. माझ्या बोटांखाली जबडा उचलला गेला.

"हलू नका," मी म्हणाले. एकोणीस वर्षांत मी त्यांना दिलेला हा पहिला हुकूम. त्यांनी तो पाळला.

वेळ झाल्यावर साचा काढला. त्यांनी चूळ भरली, तोंड पुसलं. आता बोलतील, म्हणून मी टेबलाची कड धरली.

"पाणी गार घेतलं होतंस," ते म्हणाले.

"हो."

"फ्रीजमधलं?"

"हो."

"तरीच. म्हटलं, आज एवढा वेळ का."

मी साचा दिव्याखाली धरला. जिभेच्या बाजूला मोठी सुरकुती पडली होती. माणूस बोलायला गेला, जीभ वर आली, की अशी पडते. काय बोलायला गेला होता, ते मापात उमटत नाही.

"कसं आलंय?"

"परत घ्यावं लागेल."

"हललो ना मी?"

"जरासे."

त्यांनी सुरकुतीकडे बघितलं. "यंत्रावरचं काम शिकायला चाललीस?"

"हो."

"मीही चौकशी केली होती त्या यंत्राची. आपल्या दारातून आत येत नाही ते." मग ते पुढे झुकले. "एक सांगू का तुला?"

पुडीचा डबा माझ्या हातात होता. मी त्याचं झाकण उघडलं. त्यांनी डब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"या वेळी पाणी नळाचं घे," ते म्हणाले आणि त्यांनी आपणहून तोंड उघडलं.

दुसरं माप स्वच्छ आलं. एकही सुरकुती नव्हती.

मग मी खणातलं पत्र आणून दिलं. त्यांनी ते उभ्यानेच वाचलं आणि वरच्या तारखेवर बोट ठेवलं.

"ही खुर्चीच्या आधीची की नंतरची?"

"आधीची."

त्यांनी पत्राची घडी घालून ती खिशात ठेवली.

"जाताना खुर्ची घेऊन जा," ते म्हणाले. "तुझ्या पाठीच्या मापाने करून घेतली आहे. दुसऱ्या कुणाला बसायची नाही."

मी "बरं" म्हणाले आणि साच्यात प्लास्टर ओतायला घेतलं. माप घेतल्यावर ते फार वेळ तसंच ठेवून चालत नाही.