सायकलवरचा मुराळी

सासरी दिलेल्या मुलीला सणाला माहेरी न्यायला जो येतो, तो मुराळी. बाप, भाऊ, फार तर काका. तो आला की सासरच्यांनी त्याला चहापाणी करायचं आणि सुनेला त्याच्याबरोबर लावून द्यायचं. आणि तो आलाच नाही तर सुनेने चुलीपुढे बसून रडायचं. त्याला कुणाची आडकाठी नसते.

माझी धाकटी बहीण चिमा लांज्याजवळच्या एका वाडीत दिली. नवरा बाहेरगावी नोकरीला, घरात शब्द सासऱ्यांचा. आम्हाला भाऊ नाही. वडील होते तोवर ते शिमग्याला जाऊन तिला आणायचे. ते गेले आणि चिमाचं माहेर बंद झालं. काका मुंबईला, त्यांना स्वतःच्या घरी यायला रजा मिळायची मारामार, ते पुतणीला कुठले आणतात! शिमग्यात देवीची पालखी घरोघर फिरते, आणि आमच्या नाचणे गावातल्या घरापुढे ती टेकली की आई एकटीच नारळ ठेवायची आणि चिमाच्या नावाने दुसरा. तो दुसरा नारळ बघितला की माझं डोकं फिरायचं.

म्हणून एका शिमग्याला मीच एसटीत बसून गेले. चिमाचे सासरे सखारामदादा पडवीत सुपारी कातरत होते. माझं सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला, आणि गोड आवाजात म्हणाले, "आमच्या घरान्यात रीत हाय बाय. मुराळी आपला वाहन घेवन येतो. एसटीत बसून येते ती पावनी." त्यांना म्हणायचं होतं की बाईमाणसाबरोबर सून पाठवत नाही. पण तोंडावर तसं म्हणणं बरं दिसत नाही, म्हणून वाहन मध्ये घातलं. चिमा दाराआड उभी होती. मी पाहुणीसारखी गेले आणि पाहुणीसारखी परत आले.

परतीच्या एसटीतच मी ठरवलं. वाहन पाहिजे ना? आणते.

मी ब्लाउज शिवते. लग्न केलेलं नाही, त्यामुळे लोकांना माझ्याबद्दल बोलायला विषय आधीपासूनच होता. मी त्यांना आणखी एक दिला. नाक्यावरच्या फारुकभाईंच्या दुकानातून जुनी सायकल घेतली. पुरुषांची, मध्ये दांडा असलेली, मागे मजबूत कॅरिअर. मला चालवता येत नव्हती. पहाटे नाचण्याच्या माळावर शिकले. कातळावर पडलं की काय होतं ते माझ्या दोन्ही कोपरांना विचारा. शेजारची बाई आईला म्हणाली, "येसूबाई, तुमची राही या वयात सायकलीवर बसते?" आई म्हणाली, "म्हातारपणी बसण्यापेक्षा बरं."

पाचवारी साडी चेनमध्ये अडकते, हे दोनदा फाडून कळलं. मग आईचं जुनं नऊवारी लुगडं घेतलं आणि लावणीच्या वेळी शेतात बायका नेसतात तसा कासोटा घट्ट मारला. गुडघे उघडे. आता गंमत बघा. भाताच्या चिखलात सगळ्या गावाच्या बायकांचे गुडघे दिसतात, तेव्हा कुणाला काही वाटत नाही. तेच गुडघे रस्त्यावर आले की गावची अब्रू जाते.

चौऱ्याऐंशीच्या शिमग्यात, पालखी आमच्या घरी यायच्या आदल्या दिवशी, उजाडता उजाडता मी निघाले. कुवारबावच्या नाक्यावर फारुकभाई दुकान उघडत होते. त्यांनी चाकं दाबून बघितली, चेनला तेल सोडलं आणि म्हणाले, "मागचा ब्रेक नावालाच आहे. पुढचा लागतो. उतारावर अल्लाचं नाव घे."

"माझी देवी चालेल?"

"चालेल. पण ब्रेकसुद्धा दाब."

तोवर मी नाचण्यापासून बाजारापर्यंत, इतकीच सायकल मारली होती. लांजा म्हणजे चाळीसेक किलोमीटर. हातखंब्यापर्यंत मला वाटलं की त्यात काय विशेष. गार वारा होता, रस्ता रिकामा होता, आणि मी चक्क गुणगुणत होते. हातखंब्यानंतर हायवे लागला आणि गुणगुणणं संपलं. ट्रकवाले मागून भोंगा वाजवायचे, मग शेजारून जाताना खिडकीतून मान बाहेर काढून बघायचे. एक जण ओरडला, "ओ मावशी, कुठे पळालात?" मी ओरडले, "तुझ्या सासरी!" त्याचा क्लीनर हसताना पडायचा राहिला.

पाली आली तेव्हा मांड्यांना पेटके आले होते. बाजारातल्या हॉटेलाच्या बाकावर पाचसहा पुरुष सकाळपासून देशाचा कारभार बघत बसलेले होते. मला बघून त्यांचं काम थांबलं. एकाने शिट्टी घातली. दुसरा म्हणाला, "खाली उतर गो, चाकातली हवा बघतो." मला तहान लागली होती, तिथे मडकं होतं, पण त्यांच्यासमोर उतरणं मला जमलं नाही. दात आवळले आणि सायकल पुढे मारली.

पुढे एसटीच्या थांब्यावर चिमाच्या वाडीतला रावजी उभा होता. त्याने मला ओळखलं. सायकल, वर मारलेला कासोटा, घामाने चिकटलेले केस, लाल डोळे. तो रस्त्यात आला. "राही? काय गो, काय झाला? येसूबाय बरी हाय ना?"

मला वाटलं, हाही चेष्टा करतोय. मी बोलले नाही.

त्याने पिशवीतून पाण्याची बाटली काढून पुढे केली. "पानी तरी घे."

मी मान हलवली आणि तशीच गेले. मागे वळून बघितलं असतं तर कळलं असतं की त्याने टोपी काढून हातात घेतली होती.

आमच्याकडे मयताची बातमी घेऊन जाणारा माणूस वाटेत थांबत नाही, कुणाशी बोलत नाही आणि कुणाच्या हातचं पाणी घेत नाही. हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. पण तहानेने जीभ टाळूला चिकटली असताना असलं काही आठवत नाही. थोड्याच वेळात लांज्याची एसटी धूळ उडवत माझ्या पुढे गेली. खिडकीत रावजी होता. त्याने मला हात जोडले. मला त्याचा आणखीनच राग आला.

आंजणारीचा उतार मी आयुष्यात विसरणार नाही. पुढचा ब्रेक दाबला की मागचं चाक उचलल्यासारखं व्हायचं, सोडला की सायकल सुटायची. शेवटी एक पाय खाली घासत गेले. चपलेचा तळ गेला तो तिथेच. काजळीच्या पुलावर थांबले, नदीत उतरून पोटभर पाणी प्याले आणि डोक्यावर ओतून घेतलं. समोर चढ उभा होता. तिथे मी रडले. खोटं कशाला सांगू, सायकल नदीत टाकावी आणि घरी जावं असं वाटलं. मग सखारामदादांचा तो गोड आवाज आठवला. "पावनी." उठले. सायकल ढकलत, सगळ्या घराण्यांना आणि त्यांच्या रीतींना शिव्या घालत वेरळचा घाट चढले. वर काजूंच्या सावलीत बोंडं गोळा करणाऱ्या बायका होत्या. त्यांनी काही विचारलं नाही. एकीने ओंजळभर बोंडं दिली, दुसरीने माझे गुडघे बघून म्हटलं, "लावनीला चाललीस काय गो?" त्या हसल्या, मीही हसले. पोटात रस गेला आणि पाय पुन्हा माझे झाले.

वाडीत शिरले तर अंगणात ही गर्दी. शिमग्याचे दिवस, पण ढोल गप्प. मधोमध चिमा बसलेली, केस मोकळे, ऊर बडवून रडतेय. तिची सासू हौसाबाई तिला धरून. शेजारी बोचकं बांधून तयार. मला बघताच चिमाने हंबरडा फोडला, "ताय गो, माझी आय!"

क्षणभर मलाही खरं वाटलं. मी घरातून निघाल्यावर आईला काही झालं आणि मला मागे टाकून बातमी इथे आली की काय? मग कोपऱ्यात रावजी दिसला, टोपी हातात. आणि तो रस्ता, ती बाटली, ते जोडलेले हात, सगळं एकदम डोक्यात शिरलं.

सखारामदादा पुढे आले. आवाज भरून आला होता त्यांचा. "जा पोरी, आटप. असल्या वेळेला सून अडवून ठेवायची नसते. राही, ने हिला."

काम झालं होतं. मी फक्त पदर डोळ्यांना लावायचा होता. चिमा कॅरिअरवर बसली असती, वळणाआड गेल्यावर तिला खरं सांगितलं असतं. मी बोलले नाही. किती वेळ ते ठाऊक नाही, पण बोलले नाही हे खरं. मग चिमाकडे बघितलं. ती रडून रडून उलटीला आली होती. आणि मला वाटलं, बहिणीला चोरून न्यायची होती तर घाट चढले कशाला? आईला जिवंतपणी मारून एक शिमगा मिळवायचा, मग पुढच्या शिमग्याला कुणाला मारायचं?

"आई ठणठणीत आहे," मी म्हणाले. "कुणी गेलेलं नाही. मी मुराळी म्हणून आलेय. वाहन घेऊन."

सगळे रावजीकडे वळले. तो बिचारा म्हणाला, "इचारला तर बोलली नाय. पानी पन घेतला नाय! मानसाने काय समजायचा?"

त्याचं काही चुकलं नव्हतं. मी तिथेच त्याच्याकडे पाणी मागितलं आणि सगळ्यांसमोर बाटली रिकामी केली.

सखारामदादांचा भरलेला आवाज तोवर आटला होता. "ही थट्टा झाली? आनि सायकल म्हंजे काय वाहन? मुराळी गाडी घेवन येतो, बैलगाडी. आनि मुराळी बाप्या मानूस असतो. चिमा, घरात जा. बोचका सोड."

चिमा उठली. माझी ही बहीण लहानपणापासून इतकी गरीब की बोचलेला काटासुद्धा दुसऱ्याला काढायला सांगायची नाही. तिने केस मागे घेतले, गाठ मारली, नाक पुसलं. बोचकं उचललं. मला वाटलं, चालली आत.

"मामा," ती म्हणाली, "आय मेली म्हनून आत्ता पाठवत होतात मला. मग जिती हाय म्हनून का अडवता?"

सखारामदादा माणूस म्हणून वाईट नव्हते. हा प्रश्न त्यांना कुणी कधी विचारलाच नव्हता.

हौसाबाई ताडकन उठून घरात गेली. बाहेर आली ती कुंकवाचा करंडा आणि नारळ घेऊन. नवऱ्याच्या समोरून, त्याच्याकडे न बघता, सुनेपुढे येऊन उभी राहिली. "अशी उघड्या कपाळाने जाव नको. मयताला नाय चाललीस." तिने चिमाला कुंकू लावलं, नारळ ओटीत घातला. मग नवऱ्याकडे वळली. "माझ्या आयच्या मयताला पाठवला होतात मला. त्याच्या आधी एकदा तरी?"

हौसाबाईने कुंकवाचं बोट माझ्याही कपाळाला टेकवलं. मुराळ्याला नाम ओढतात तसं, उभं.

मी सायकल वळवली. पाय दुखत होते, एका पायात चपलेचा नुसता पट्टा राहिला होता, आणि तो सगळा रस्ता अजून परत जायचा होता. चिमाने बोचकं पोटाशी धरलं. वाडीतली सगळी माणसं बघत होती आणि माझे गुडघे उघडे होते.

मागून सखारामदादा म्हणाले, अगदी हळू, "पुढं उतार हाय. बिरेक लागतो ना गो हिचा?"

"एकच लागतो," मी म्हणाले आणि पायडल मारलं. चिमाने चार पावलं पळत येऊन कॅरिअरवर उडी घेतली.