चौऱ्याण्णव पाने आणि मी मतांचा डबा

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. माझा जन्म आल्याच्या बिस्किटांसाठी झाला. माझ्या झाकणावर चंद्राकडे निघालेले जहाज रंगवलेले आहे, आणि खरे सांगायचे तर मी एकदा चंद्रावर जाऊनही आलो आहे. तुमचा विश्वास बसत नसेल तर राहू द्या. पुढच्या गोष्टीवर मात्र ठेवा, कारण तीत मी एक अक्षरही वाढवलेले नाही.

अमेरिकेतल्या डुलूथ गावात, सरोवराच्या काठी, विज्ञानकथा लिहिणाऱ्यांची एक संस्था होती. दर वर्षी सभासद आपल्यातल्याच एका कथेला ‘ध्रुवदीप’ नावाचा पितळी दिवा देत. पाच कथा निवडल्या जात. प्रत्येक लेखकाने पाचांपुढे पसंतीचे क्रमांक घालायचे, खाली ‘मी पाचही कथा वाचल्या आहेत’ या ओळीखाली सही करायची आणि कागद टपालाने पाठवायचा. ते सारे कागद माझ्या पोटात येत. एका सभासदाने मतपत्रिकेला सात तळटिपा जोडल्या होत्या, आणि त्या पाचही कथांहून सरस होत्या! मंगळावरूनही एक मत आले होते. पाकिटावर शिक्का मात्र नेब्रास्काचा होता.

चिटणीस होता ऑर्व्हिल स्कार, जहाजांत खनिज भरायच्या धक्क्यावरचा कारकून. मला तो रोज फडक्याने पुसायचा. माणूस चांगला होता. म्हणूनच पुढचे सांगणे मला जड जाते.

त्या वर्षी आर्डिस नायगार्डची कथा पाचांत आली. आर्डिस शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. बर्फाखाली अडकलेल्या मुलीची तिची कथा चांगली चौऱ्याण्णव पानांची होती.

“ऑर्व्हिल, दिवा मिळाला तर प्रकाशक पुस्तक काढणार म्हणतोय,” ती म्हणाली. “नाही मिळाला तर मी आपली बटाटेच सोलते. वाचलीस ना रे?”

“वाचली की,” ऑर्व्हिल म्हणाला.

वाचली नव्हती. त्याने पहिली कथा वाचली होती आणि तीच जिंकणार याची त्याला खात्री होती. खालच्या आकड्यांना कोण विचारतो? माझ्याच झाकणावर कागद ठेवून त्याने कथांच्या नावांपुढे पेन्सिलीने पानांची संख्या लिहिली. बारा, अठरा, तेवीस, एकतीस, चौऱ्याण्णव. मग त्याच क्रमाने एक ते पाच आकडे घातले आणि खाली सही ठोकली. मी पत्र्याचा. ओरडणार कसा?

मोजणीला त्याच्यासोबत बर्निस क्वाले ही म्हातारी बसली होती. आमच्याकडे सर्वांत कमी मतांची कथा बाद होते आणि तिचे कागद त्या त्या मतदाराच्या पुढच्या पसंतीकडे जातात. ऑर्व्हिलची पहिली आवडच आधी बाद झाली. मग दुसरी. मग तिसरी. शेवटी एकतीस पानांची आणि चौऱ्याण्णव पानांची, अशा दोनच कथा उरल्या, आणि ऑर्व्हिलचा कागद एकतीस पानांच्या कथेकडे गेला.

“एक्केचाळीस, चाळीस,” बर्निस म्हणाली. “गेली बिचारी आर्डिस! अरे, तुझा चेहरा का उतरला? चहात माशी पडली का?”

निकालाच्या जेवणात आर्डिस हसत हसत म्हणाली, “एका मताने! कोण रे तो गाढव? सापडला तर बटाट्यांबरोबर सोलीन.” ऑर्व्हिलने तिच्याकडे लोण्याची बशी सरकवली.

त्यानंतर आर्डिसने एकही ओळ लिहिली नाही. सभासद मात्र राहिली, दर वर्षी पाचही कथा वाचून मत देत राहिली. मोजणीनंतर कागद जाळायचा नियम होता. ऑर्व्हिलने स्वतःचा कागद तेवढा जाळला नाही. तो माझ्या तळाच्या मेणकागदाखाली सव्वीस वर्षे राहिला. गंज बाहेरून लागतो असे लोक म्हणतात. मला आतून लागला.

ऑर्व्हिल वृद्धाश्रमात गेला तेव्हा चिटणीसपद आर्डिसकडे आले. मला घासताना तिला तो कागद सापडला. तिने आकडे पाहिले, पेन्सिलीने लिहिलेली पानांची संख्या पाहिली, सही पाहिली. मला काखोटीला मारून ती तडक त्याच्याकडे गेली.

“पानं मोजलीस?”

“मोजली.” त्याने मान वर केली नाही.

“नंतर तरी वाचलीस?”

“त्याच आठवड्यात. मग अकरा वेळा. दर वेळी वाटतं, बर्फाखालच्या त्या पोरीने शेवटी ते दार उघडू नये.”

“मग तेव्हाच का नाही बोललास, मेल्या?”

“घाबरलो, आर्डिस.”

“सव्वीस वर्षं?”

 ती उठून निघून आली.

पुढच्या वर्षीच्या मतपत्रिकेवर तिने एक नवा चौकोन छापून घेतला: ‘ही कथा मी वाचलेली नाही.’ काही लेखक चिडले, पण चौकोन राहिला. पहिली मतपत्रिका वृद्धाश्रमातून आली. चार कथांपुढे वेडेवाकडे आकडे होते. पाचवीपुढे त्या चौकोनात खूण, आणि शेजारी लिहिले होते, ‘डोळ्यांनी दगा दिला.’

आर्डिसने तो कागद माझ्यात ठेवला. मग तिने कोट चढवला, ती पाचवी कथा पिशवीत टाकली आणि बर्फातून चालू लागली. त्याला वाचून दाखवायला. तिने त्याला माफ केले का, ते मला ठाऊक नाही. तिच्या वह्या अजून कोऱ्याच आहेत.

मित्रांनो, माझ्यात बिस्किटे ठेवा, बटणे ठेवा, मोडके खिळे ठेवा. पण जे वाचले नाही त्यावर घातलेला आकडा ठेवू नका. तो फार जड असतो हो.