दोन व्याही आणि तळ्याची वाट

बेलार्मिनो आणि त्याचा व्याही आबिलियो यांच्यात मे महिन्यापासून बोलचाल जवळजवळ बंद होती. कारण होतं एक बूट.

नातीच्या, हिमेनाच्या, चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनच्या विधीचं जेवण होतं. बाटली डोक्यावर उंच धरायची, पेला खाली मांडीपाशी धरायचा आणि सफरचंदाच्या दारूची धार बरोबर पेल्याच्या काठावर फोडायची, हे काम सोमिएदोच्या अख्ख्या खोऱ्यात बेलार्मिनोसारखं कुणाला जमत नसे. त्या दिवशी मात्र धार पेल्याला चुकवून थेट आबिलियोच्या नव्याकोऱ्या बुटात गेली. सगळी पंगत खो खो हसली. आबिलियो जन्मभर हिहॉनच्या बंदरात क्रेन चालवलेला माणूस, टापटिपीचा. त्याला वाटलं, डोंगरातल्या व्याह्यानं चारचौघांत मुद्दाम फजिती केली. आणि बेलार्मिनोनंही ते नाकारलं नाही. उलट मिशीतल्या मिशीत हसत म्हणाला, "बंदरावरच्या माणसाला ओल्या पायांची सवय असेल, असं वाटलं बुवा!"

म्हातारा खट आहे, असं लोकांनी म्हटलेलं त्याला चाललं असतं. म्हाताऱ्याला दिसत नाही, हे मात्र चाललं नसतं.

आणि खरं ते हेच होतं. उजव्या डोळ्यासमोर दुधाची साय धरल्यासारखं झालं होतं, डावाही त्याच वाटेनं निघाला होता. मोतीबिंदू आहे हे कळायला त्याला डॉक्टर नको होता. त्याच्या बापालाही झाला होता. बाप शहरात जाऊन डोळे कापून आला आणि मरेपर्यंत भिंती चाचपत जगला. तेव्हापासून डोळ्यांच्या डॉक्टरचं नाव काढलं की बेलार्मिनो विषय बदलायचा. बायकोला, ओलिवालाही, त्यानं काही बोलून दाखवलं नव्हतं. घर, गोठा, अंगण, विहिरीची वाट, सगळं पाठ होतं. निभत होतं.

आता जुलै उजाडला. लेक नीवेस दुसऱ्या बाळंतपणासाठी ओविएदोच्या इस्पितळात दाखल झाली, ओलिवा तिच्याजवळ गेली, जावई तिथल्या जिन्यात येरझारा घालू लागला. हिमेनाला आबिलियोनं गाडीत घातलं, डोंगरात बेलार्मिनोकडे आणलं आणि स्वतःही राहिला. बायको जाऊन त्याला बरीच वर्षं झाली होती, रिकाम्या घरी परत जाऊन करायचं काय? पहिल्या रात्री दोघा व्याह्यांनी टीव्हीकडे तोंड करून जेवण केलं. सकाळी ओलिवाचा फोन आला. "पोरीला घेऊन तळ्यापर्यंत जाऊन या. घरात बसलात तर भांडाल, आणि ती येऊन नीवेसला सगळं सांगेल."

"तळं ना? ती वाट म्हणजे पोराटोरांची," बेलार्मिनो मोठ्यानं म्हणाला. "तान्ही पोरं पाठुंगळीला घेऊन लोक जातात. आमच्या व्याह्यांनाही जमेल."

"नाही जमलं तर तुम्ही उचलून न्यालच मला," आबिलियो फडताळातून पाव काढत म्हणाला.

पिशवीत पाव, चीज, बटाट्याचं आम्लेट भरून तिघं निघाली. गवत कापणीचे दिवस होते. दोन्ही बाजूंच्या दगडी कुंपणांपलीकडून वाळत्या गवताचा गोड वास येत होता, आणि वर कुठंतरी गाईंच्या घंटा. हिमेना आठ वर्षांची, लाल जाकीट घालून पुढे उड्या मारत होती.

"आजोबा, अस्वल आलं तर आधी कुणाला खाईल?"

"बंदरावरच्या आजोबांना," बेलार्मिनो म्हणाला. "मांस मऊ आहे त्यांचं."

"बरोबर आहे," आबिलियो म्हणाला. "डोंगरातल्या आजोबांना चावलं तर त्याचे दात पडतील."

पोरगी खिदळली. बेलार्मिनोलाही हसू येत होतं, पण त्यानं ते दाबलं.

वळणापलीकडे शेजारी सेव्हेरोचं कुरण लागलं. कुंपणाशी तो उभा दिसला, तपकिरी कोट घातलेला. बेलार्मिनोनं काठी वर केली. "काय रे सेव्हेरो! कापणी सोडून उभा राहून झोपतोस काय?"

सेव्हेरोनं उत्तर दिलं नाही.

"बहिरा झाला की काय लेकाचा!"

हिमेना हसून हसून वाकली. "आजोबा खांबाशी बोलतायत! खांबाला कोट अडकवलाय, आणि आजोबा त्याला सेव्हेरो म्हणतायत!"

बेलार्मिनोनं वर केलेली काठी खाली घेतली. "अगं, मला काय कळत नाही?" तो म्हणाला. "सेव्हेरोपेक्षा हा खांब जास्त काम करतो, म्हणून विचारपूस केली." पोरीला ते फारच आवडलं. आबिलियो मात्र हसला नाही. मान वळवून क्षणभर व्याह्याकडे बघत राहिला, आणि मग चालू लागला.

तिथून पुढे आबिलियोला काय झालं कुणास ठाऊक, त्याची जीभच सुटली. एरवी घुम्यासारखा असणारा माणूस पावलापावलाला बोलायला लागला. "हिमेना, सांभाळ, इथं मूळ वर आलंय हं." "हिमेना, ओढ्यातला मधला दगड डुलतोय, डावीकडच्यावर पाय दे." "इथं चिखल आहे बाळा, कडेकडेनं."

बेलार्मिनो वैतागला. "अहो, पोर काय आंधळी आहे? पडली तर पडेल. गुडघे फुटल्याशिवाय कुणी चालायला शिकलंय?"

"शहरातला माणूस मी. मला आपली काळजी वाटते," आबिलियो म्हणाला, आणि पुन्हा सुरू. "हिमेना, पुढे उतार आहे. दगड सुटे आहेत."

जुन्या वाड्या लागल्या तेव्हा बेलार्मिनोचा जीव जरा मोकळा झाला. दगडी भिंतींच्या, डोंगरातल्या झुडपांच्या काड्यांनी शाकारलेल्या त्या झोपड्या म्हणजे त्याचं बालपण. उन्हाळ्यात गुरं वर आली की माणसंही वर यायची. त्याला इथं डोळ्यांची गरज नव्हती. छपराच्या खरखरीत काठावरून हात फिरवत तो सांगत गेला. खाली वासरं आणि वर माळ्यावर आपण झोपायचो, वासरांच्या उबेनं गोधडी लागायची नाही, आई पहाटे काळोखात धारा काढायची आणि गाईंशी भांडायची, त्यातल्या एकीला तर 'सासूबाई' म्हणायची. पाठीवर पोर बांधलेलं एक जोडपं तळ्याकडे चाललं होतं. तेही थांबून ऐकू लागलं. आबिलियो भिंतीला टेकून ऐकत होता.

"तुमच्या आईनं त्या गाईला विकलं की नाही?" त्यानं विचारलं.

"छे! सासू कुणी विकत घेतं का?"

मे महिन्यानंतर दोघं पहिल्यांदाच एकमेकांकडे बघून हसले.

तळ्यावर पोचली तेव्हा ऊन चढलं होतं. मधोमध ते इवलंसं बेट, भोवती हिरवे उतार आणि वर कड्यांच्या कपारीत उरलेला बर्फ. बेलार्मिनोला त्यातलं दिसत होतं ते एवढंच, की खाली निळं आहे आणि वर पांढरं. जेवणं झाली. आबिलियोनं फोन वर धरून बघितला. रेंज नव्हती. मग टोपी तोंडावर ओढून तो गवतात आडवा झाला.

"पाण्याकडे लक्ष ठेवा," तो टोपीतूनच म्हणाला. "मी जरा पाठ टेकतो."

बेलार्मिनो दगडावर बसून राहिला. काठाशी लाल ठिपका होता. पोरगी खडे वेचत असणार. लाल ठिपका असेपर्यंत काळजी नव्हती. तो तिच्याशी बोलत राहिला. त्या तळ्यात त्याचा भाऊ कसा पडला होता, थंडीनं त्याचे ओठ जांभळे कसे झाले होते, असलं काहीबाही.

"ऐकतेस ना गं?"

उत्तर नाही.

"हिमेना?"

लाल ठिपका हलला नाही. बेलार्मिनो उठला. काठी टेकत, ठेचकाळत काठाशी गेला आणि हात पुढे केला. हाताला लागलं जाकीट. नुसतं जाकीट. दगडावर घडी करून ठेवलेलं.

जाकीट मुठीत तसंच राहिलं. त्यानं पाण्याकडे पाहिलं. निळ्यावर उन्हाची पांढरी चकाकी, त्यापलीकडे काही नाही. तिथं कुणी बुडत असतं तरी त्याला दिसलं नसतं. "हिमेना! हिमेना!" हाक कड्यांवर आदळून परत आली. तो घोट्यापर्यंत पाण्यात उतरला आणि मग, आयुष्यात पहिल्यांदा, उघड्यावर ओरडला, "आबिलियो! अहो, उठा! पोर दिसत नाहीय मला! मला दिसत नाही हो! मला काहीच दिसत नाही!"

"ती काय वर," शेजारीच आवाज आला. आबिलियो केव्हाच उठून त्याच्या खांद्याशी येऊन उभा होता. "उतारावर आहे. वासराला पाव भरवतेय. पाण्यापासून लांब आहे, बघा… म्हणजे, आहे. माझ्यावर विश्वास ठेवा."

आणि वरून खरंच तिचा आवाज आला, "आजोबा! याची जीभ पायपुसण्यासारखी आहे!"

बेलार्मिनो पाण्यातच उभा राहिला. आबिलियोनं त्याला दंडाला धरून बाहेर आणलं, दगडावर बसवलं, आणि स्वतः खाली बसून त्याच्या बुटांच्या नाड्या सोडायला लागला.

"तुम्ही झोपला नव्हतात?"

"झोपेन कसा? त्या कोटाशी बोललात तेव्हाच कळलं. टोपीच्या कडेखालून बघत होतो पोरीकडे. तुम्हाला तोंडावर कसं सांगू, की व्याही, तुमच्यावर पोर सोपवता येत नाही?"

बेलार्मिनोनं ओला पाय बुटातून उपसून काढला. मग एकदम म्हणाला, "ती मुळं, ते दगड… ते सगळं तुम्ही हिमेनाला सांगत होतात ना?"

"हिमेना कुठं होती तिथं? ती तर पाखरासारखी पुढे निघून गेली होती." आबिलियोनं बूट उपडा करून पाणी ओतलं. "आणि मे महिन्यातला तो माझा बूट. तोही मुद्दाम नव्हता तर."

"नव्हता. पेले दोन दिसत होते. चुकीचा निवडला."

आबिलियो एवढ्या जोरात हसला की वरचं वासरू बिचकलं. हसता हसता त्यानं डोळे पुसले आणि स्वतःच्याच डोळ्यांकडे बोट दाखवलं. "हे दोन्ही कापलेले आहेत. क्रेनवरून उतरवलं असतं मला, नाहीतर. आपल्या वडिलांच्या वेळचं सोडा हो. आता कॉफी थंड व्हायच्या आत काम उरकतं."

"मला भीती वाटते," बेलार्मिनो म्हणाला. हे आपण कधी कुणाला म्हणू, असं त्याला वाटलं नव्हतं.

"वाटणारच. मी तर नर्सचा हात सोडत नव्हतो. ती म्हणाली, काका, मला दुसरे पेशंट आहेत." तो थांबला. "मी येईन बरोबर. माझा हात धरलात तरी चालेल. कुणाला सांगणार नाही."

परतीच्या वाटेवर आबिलियो आता लपवाछपवी न करता सांगत होता, "मूळ. डावीकडे. दगड." हिमेनाला वाटलं हा नवा खेळ आहे. तीही पुढून ओरडू लागली, "शेण! मोठ्ठं शेण!" वाड्यांच्या खालच्या वळणावर फोन वाजला. मुलगी झाली होती. दोघीही सुखरूप होत्या. हिमेनानं आनंदानं किंकाळी फोडली, आणि दोन्ही म्हाताऱ्यांनी एकाच वेळी नाकं शिंकरली.

संध्याकाळी तिघं इस्पितळात पोचली. ओलिवानं दुपट्यात गुंडाळलेलं बाळ बेलार्मिनोच्या हातांत दिलं. "बघ रे, नाक कुणाचं घेतलंय?"

गुलाबी धुक्याचा एक ऊबदार गोळा, एवढंच त्याला दिसत होतं. 'तुझंच' म्हटलं असतं तर वेळ निभावली असती. दारात उभा असलेला आबिलियो त्याच्याकडे बघत होता.

"ओलिवा, मला दिसत नाहीय," बेलार्मिनो म्हणाला. "बरेच दिवस झाले. नीट करून घ्यायचंय."

 नीवेस पलंगावर उठून बसली. ओलिवाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि पाठोपाठ रागही आला. "मेल्या, गेल्या हिवाळ्यात तू माझ्या कॉफीत मीठ घातलंस ते यामुळं? मी समजत होते, तू रुसलायस!"

ऑक्टोबरात एक डोळा झाला. आबिलियो ठरल्याप्रमाणे हिहॉनहून आला, बाहेरच्या बाकावर बसला, आत बोलावणं आलं तेव्हा त्यानं हात पुढे केला आणि बेलार्मिनोनं तो मुकाट्यानं धरला. पट्टी निघाली तेव्हा त्यानं आधी धाकट्या नातीचा फोटो मागितला, खूप वेळ बघितला आणि जाहीर केलं की नाक दुर्दैवानं व्याह्यांचं आहे. मग डोंगराकडे निघाल्यावर गाडीत त्यानं रस्त्यावरची एकेक पाटी वाचायला सुरुवात केली. पेट्रोल पंप, गावांची नावं, न्हाव्याचं दुकान, "गाई रस्ता ओलांडतात", "बटाटे विकणे आहे".

"बेलार्मिनो," शेवटी आबिलियो म्हणाला, "मलाही दिसतं रे बाबा. घाट लागेपर्यंत तरी गप्प बस."

"घाट लागला," बेलार्मिनो म्हणाला. "पुढे वळण आहे. उजवीकडे."